कायद्याबाहेरची टोळी : राक्षसी लांडगा आणि कोळसून

अद्भुत कादंबरीतील राक्षसी लांडग्याचे मूळ सांगताना समीक्षा बहुधा उत्तर युरोपाच्या मिथकांकडे वळते. प्रलयकाळी ओडिनला गिळणारा फेनरीर आणि टॉल्किनचे वार्ग यांची वंशावळ त्यातून जुळते. लांडगा राक्षस ठरतो तो नेमका कशामुळे, हा प्रश्न मात्र शिल्लकच राहतो. त्यासाठी नागपूर जिल्ह्याच्या उत्तर सीमेपलीकडे घडणारी एक कथा अधिक उपयोगी पडते.

खाप्याजवळून वाहणारी कन्हान पुढे वैनगंगेला मिळते. त्याच वैनगंगेच्या वरच्या खोऱ्यात, सिवनीच्या टेकड्यांत, रुडयार्ड किपलिंगने आपले लांडगे वसविले. 'द जंगल बुक'मधील (१८९४) हे लांडगे राक्षस नव्हेत. त्यांना सभा आहे, नायक आहे, कायदा आहे; माणसाचे पोर टोळीत घ्यायचे तर आईबापांखेरीज दोघांनी त्याच्या बाजूने बोलावे लागते. युरोपीय कथेतल्या जुन्या खलनायकाला किपलिंगने नागरिकत्व दिले, असा निष्कर्ष काढून येथे थांबता आले असते. परंतु 'द सेकंड जंगल बुक'मधील (१८९५) 'रेड डॉग' ही कथा थांबू देत नाही.

या कथेत दख्खनहून, म्हणजे ढोबळमानाने नागपूर-खाप्याच्याच बाजूने, रानकुत्र्यांचा लोंढा उत्तरेकडे सरकतो. इंग्रजीतला हा 'ढोल' म्हणजे मराठीतला कोळसून. वाघही आपली ताजी शिकार त्याला सोडून देतो. हद्दपार केलेला राक्षसी लांडगाच जणू दुसरे कातडे पांघरून परततो. लक्षणीय आहे ते मोगलीच्या तिरस्काराचे कारण. कोळसुनांचा वास आपल्या लोकांसारखा नाही, ते गुहेत राहत नाहीत आणि त्यांच्या पायाच्या बोटांमध्ये केस असतात! आरोप क्रौर्याचा नाही, अन्यत्वाचा आहे. हिंसा दोन्ही टोळ्यांची. एकीला संहितेने कायद्याची भाषा दिली, दुसरीला केवळ संख्या. मधमाश्यांच्या कड्यापाशी आणि वैनगंगेच्या पाण्यात कोळसून मोजदादीशिवाय मरतात. वाचकाचा शोक अकेलासाठी राखून ठेवलेला असतो. वास्तविक शिकारीवर पिल्लांना आधी खाऊ देणारा हा प्राणी आहे, त्यालाही टोळीचे नियम आहेत. पण ही निसर्गशास्त्रीय चूक दाखवून कथा निकालात निघत नाही. लांडग्याच्या कायद्याला कायदा म्हणून उभे राहण्यासाठी कायद्याबाहेरचे कोणीतरी हवेच होते.

टॉल्किनच्या 'द हॉबिट'मधील (१९३७) वार्गांनाही रानातील मोकळ्या जागी भरणारी सभा आहे, स्वतःची भाषा आहे. सिवनीच्या सभेची ही उलटी प्रतिमा वाटते. प्रभावाचा दावा मात्र त्यासाठी करण्याचे कारण नाही. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या पहिल्या खंडात (१९५४) मोरियाच्या वाटेवर मारलेल्या लांडग्यांची प्रेते सकाळी दिसतच नाहीत, बाण तेवढे उरतात. आधी सभा गेली, मग देहही गेला.

मराठीत वार्गसाठी 'वृक' हा शब्द सुचतो. तथापि भागवताच्या दशम स्कंधातील वृकासुर मराठी परंपरेत भस्मासुर म्हणूनच रुळला. त्याचे भय दातांत नसून वराने मिळालेल्या हातात आहे, आणि नावातला लांडगा केव्हाच गळून पडला आहे. 'कोळसून' म्हणावे, तर किपलिंगचा आरोप मराठीत पुन्हा नोंदविला जाईल. 'लांडगा' म्हणावे, तर डोळ्यांसमोर येतो तो माळावरचा, मेंढरांमागे फिरणारा किरकोळ अंगाचा प्राणी, आणि त्याच्यावर कोणी राक्षस स्वार होईल हे पटणे कठीण.