गंगाधरपंतांच्या खिडकीबाहेर

ऐतिहासिक कादंबरीकाराला परंपरेनेच एक सवलत मिळालेली आहे. १६६० मध्ये शाएस्तेखानाने चाकणच्या संग्रामदुर्गाला घातलेला वेढा आणि फिरंगोजी नरसाळ्याची झुंज रंगविताना तो आजची चाकणची कारखानदारी निमूटपणे पुसून टाकतो, आणि त्याचा जाब कोणी विचारीत नाही. वर्तमानातील माणूसच परक्या काळात नेऊन उभा केला, की ही सवलत संपते. त्याला जे दिसते त्याइतकाच, जे दिसत नाही त्याचाही हिशेब लेखकाकडे मागितला जातो.

जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेची खरी परीक्षा येथे आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघाताच्या क्षणी एका निराळ्या जगात शिरतात. त्या जगात पानिपतच्या रणात, १७६१ साली, विश्वासरावांना गोळी केवळ चाटून गेली आणि मराठे विजयी झाले. वस्तुतः हा भूतकाळातील प्रवास नव्हेच. काळ आजचाच, वाट तेवढी दुसरी. परत आल्यावर पंतांच्या खिशात बखरीचे एक फाटके पान उरते. इतिहासकाराला कागदाचाच पुरावा द्यावा, ही योजना मार्मिक आहे.

तथापि कथेतील सर्वांत धीट कल्पना या पानात नाही. ती आगगाडीच्या खिडकीबाहेर आहे. ‘द ॲडव्हेंचर’ या इंग्रजी रूपात पंत जिजामाता एक्सप्रेसने मुंबईस निघतात, तेव्हा पुण्याबाहेर औद्योगिक वसाहती नसतात. लोणावळा चाळीस मिनिटांत येते. बस्स, एवढेच. १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाल्यापासून वाढत गेलेला, १९८२ मध्ये महानगरपालिकेपर्यंत पोचलेला सारा पट्टा एका वाक्यात नाहीसा होतो. पुण्याच्या वाचकाला इतिहास बदलल्याचा प्रत्यय कोणत्याही रणवर्णनापेक्षा या रिकामेपणाने अधिक येतो.

प्रत्यय येतो, पण पटत नाही. याच कथेतील पेशवे युरोपातील यंत्रयुगाची चाहूल ओळखून विज्ञानाची व तंत्रविद्येची केंद्रे उभारतात. इंग्रजांकडे उरते ती केवळ मुंबई, तीही मुदतीच्या कराराने. मग अशा स्वावलंबी देशातले कारखाने गेले कोठे? ते दिल्लीकडे सरकले, की त्या देशाला पिंपरीसारख्या वसाहतींची गरजच पडली नाही? शेवटी राजेंद्र देशपांडे पुंजवादाच्या आधारे जे विवेचन करतात, त्याने पंत त्या जगात कसे पोचले हे कळते. ते जग तसे का घडले हे कळत नाही. पदार्थवैज्ञानिकाची शंका फिटते, इतिहासकाराची तशीच राहते. आणि नवल असे, की कथेचा नायक इतिहासकारच आहे! एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात तो आपल्याच ग्रंथाचे खंड चाळून वळणाचा क्षण शोधून काढतो. पण सकाळी गाडीतून पाहिलेल्या त्या मोकळ्या माळाची आठवण त्याला तेथे होत नाही.