क्षमा कोणी करायची?

कुरुंदवाडातल्या एका ख्रिस्ती वृद्धाचा चारचौघांत जातीवरून अपमान झाला. त्यांच्या घराण्याने धर्म बदलून तीन पिढ्या झाल्या. गाव मात्र त्यांची जात विसरले नाही. मी विचारले, "काका, तुम्ही गप्प का बसलात?" ते म्हणाले, "प्रभूनं माफ करायला सांगितलंय, लेकरा. मी केलं." मला राग आला. तो अजून पुरता गेलेला नाही.

दलित साहित्याने क्षमेकडे संशयाने पाहिले, आणि ते योग्यच होते. पिढ्यान्‌पिढ्या सोसणाऱ्यालाच क्षमेचा उपदेश करणे ही सोसायला लावणाऱ्यांची सोय आहे. पण म्हणून आमचे साहित्य सुडाचे, हा आरोप खोटा आहे. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या संग्रहातील शीर्षककथा पाहा. जात कळताच नायकाला मार बसतो. पण मारणाऱ्या हातांमागे त्याला मनू दिसतो. इथे क्षमा नाही, तसा सूडही नाही. इथे गुन्हेगाराची खरी ओळख पटवली आहे.

याच्या शेजारी ग्लॅडिस स्टेन्स यांची क्षमा ठेवावी. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातील मनोहरपूर येथे त्यांचे पती ग्रॅहम आणि फिलिप व टिमोथी ही दोन मुले गाडीत जिवंत जाळली गेली. बाईंनी मारेकऱ्यांना क्षमा केली आणि कुष्ठरोग्यांची सेवा चालू ठेवली. पण क्षमा वेगळी आणि गुन्ह्याचे परिणाम वेगळे, हेही त्यांनी सांगितले. खटला चालला, दारा सिंगची जन्मठेप २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. या क्षमेने गुन्हा पुसला नाही. तिचे मोठेपण मला तिथे दिसते.

काकांचे काय? १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. म्हणून १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही त्यांच्या मदतीला येत नाही. जातीने त्यांना धरून ठेवले आणि कायद्याने सोडून दिले. ज्या अपमानाला जातीचा गुन्हा म्हणून नोंदच नाही, त्याची क्षमा गावाला फुकट मिळते.

आणि आपण? 'ते पाद्र्याकडे गेले' म्हणून आपणही त्यांना आपल्या सभांत क्वचितच बोलावले. काकांनी मनातून सूड काढून टाकला, हा त्यांच्या श्रद्धेचा अधिकार आहे. त्यावर मी बोट ठेवणार नाही. पण गुन्ह्याला गुन्हा म्हणायला लावणे हे एकट्या काकांवर टाकता येणार नाही. ते चळवळीचे काम आहे, आणि ते आपण केलेले नाही.