आठ बाय चार

पुस्तकांचं परीक्षण होतं, नाटकांचं होतं, मैफलींचं होतं. दिवाळी अंकातल्या कवितांचंसुद्धा होतं आणि कवी ते मुकाट्यानं सोसतात. पण ज्या वस्तूवर माणूस आपली सारी प्रतिभा, सारी शिल्लक आणि ओळीनं बावन्न रविवार उधळतो, त्या वस्तूचं परीक्षण कुणी लिहीत नाही. घरी केलेलं पुस्तकांचं कपाट, गॅलरीत टांगलेला झोपाळा, जुन्या मोटरचा केलेला पाण्याचा पंप या साऱ्या कलाकृती टीकाकारांच्या उपेक्षेनं मेल्या. (झोपाळा त्यावर मेहुणे बसल्यामुळे मेला, पण ते असो.)

ही उणीव भरून काढण्यासाठी मी आज एक कलाकृती परीक्षणाला घेतली आहे. घरच्या घरी, थोडक्या पैशांत बनवायचं, मोटारीच्या मागे जोडायचं आणि वाटेल तिथे नेऊन झोपायचं असं चाकांवरचं चिमुकलं घर. त्याला कॅम्पर ट्रेलर म्हणतात.

तुम्ही विचाराल, यात तुमचा अधिकार काय? मी बी.कॉम. आहे आणि वीस वर्षं बँकेत आहे. लोकांची स्वप्नं तीन प्रतींत, जामीनदाराच्या सहीसह वाचणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. स्वप्न कितीही देखणं असलं तरी आम्ही एकच विचारतो, ‘हप्ता कोण भरणार?’ टीकाशास्त्रात याहून मूलभूत प्रश्न मला तरी आढळलेला नाही.

आधी थोडा इतिहास. टीकाकार तो देतातच, त्यानं लेखाला वजन येतं. १९३०च्या दशकात अमेरिकेत मंदी होती, खिशात पैसे नव्हते आणि फिरायची हौस मात्र शाबूत होती. त्या काळात हौशी लोकांनी एक छोटा ट्रेलर बनवायला सुरुवात केली. पुढे गोल, मागे निमुळता. आकारावरून त्याला नाव पडलं टिअरड्रॉप, म्हणजे अश्रुबिंदू. अश्रू कोणाचे, याचा खुलासा मी पुढे करणार आहे. हौशी कारागिरांच्या मासिकांतून त्याचे नकाशे छापून येत आणि नवरे लोक ते बघून गॅरेजात शिरत. मापं बहुतेक ठरलेली. लांबी आठ फूट, रुंदी चार. ही मापं माणसाच्या शरीरावरून आलेली नाहीत, प्लायवूडच्या ताव्यावरून आलेली आहेत. प्लाय आठ बाय चारचा मिळतो, म्हणून माणसानं आठ बाय चारमध्ये झोपायचं. आत फक्त बिछाना. मागचं झाकण वर उचललं की खाली शेगडी, फळ्या, भांडी. म्हणजे स्वयंपाकघर डिकीत.

आता कोपरकडे येऊ. ज्यांनी कोपर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, ते दिवा आणि डोंबिवली यांच्यामध्ये आहे. मुख्य लाइन खालून जाते, दिवा-वसई लाइन वरून जाते, आणि मधल्या जागेत आम्ही राहतो. इथला मध्यमवर्गीय माणूस मुळातच कॅम्पर ट्रेलरमध्ये राहतो, फक्त त्याच्या घराला चाकं नसतात. दिवाणाच्या पोटात गाद्या, माळ्यावर पाहुण्यांची भांडी, भिंतीला बिजागरीवर लटकणारं टेबल. ते टेबल पाडलं की मुलगा अभ्यास करतो आणि उचललं की आजोबांना जाता येतं. अमेरिकेतल्या गृहस्थाला जे तंत्र मासिकातून शिकावं लागलं, ते आमच्याकडे सून घरात आल्यापासून आठ दिवसांत शिकते.

डोंबिवलीचा पूर्व-पश्चिम जोडणारा कोपर उड्डाणपूल २०१९ साली धोकादायक म्हणून बंद झाला. तो २०२१ साली पुन्हा उघडला. त्याच २०२१ साली महाराष्ट्र शासनानं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. एकाच वर्षी पूल मिळाला आणि पुलावरून न्यायला घरही सुचवलं गेलं. असा योग सरकारदरबारी क्वचित येतो. हे धोरण मी एखाद्या कादंबरीसारखं वाचलं. त्यात पात्रं भरपूर आहेत. एका आसाचा कॅराव्हॅन, दोन आसांचा, तंबूचा ट्रेलर, घडीचा कॅराव्हॅन आणि आपला नायक कॅम्पर ट्रेलर. वर्णनंही बहारीची. सोफा-कम-बेड हवा, फ्रिज आणि मायक्रोवेव्हसह छोटं स्वयंपाकघर हवं, हँडशॉवरसह शौचालय हवं, जेवणाचं टेबल हवं. आमच्या इमारतीला ही यादी लावली, तर निम्म्या बिऱ्हाडांना घर म्हणून मान्यता मिळायची नाही. स्वयंपाकघरात काय काय असावं हे या यादीत आहे. तिथे उभं कोण राहणार, हे मात्र नाही. ते सगळ्यांना ठाऊकच असतं, असं लेखकानं गृहीत धरलेलं दिसतं.

हे सगळं मला सुचायचं कारण आमच्या इमारतीतले एक काका. एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. वेल्डिंगमध्ये हात बसलेला, दाराशी जुनी छोटी मोटार, आणि मनात कोकण. नाव सांगत नाही, कारण आमच्या काकू मी छापून आणलेलं सगळं वाचतात. काकांनी ट्रेलर करायचं मनावर घेतलं. लोखंडी चौकट, एक आस, दोन चाकं, वर प्लायची पेटी. पत्रा महाग, म्हणून छपरावर जाड कापड डिंकानं चिकटवायचं आणि त्यावर घराच्या बाहेरच्या भिंतीचा रंग तीन हात मारायचा. ही युक्ती खरी आहे, परदेशातले काटकसरी लोकही ती वापरतात. काकांनी खर्चाचा तक्ता माझ्यापुढे ठेवला. मी त्यात फक्त एक रकाना वाढवला. वर्षातले किती दिवस वापर? काका म्हणाले, “सहा.” म्हणजे उरलेले तीनशे एकोणसाठ दिवस ही वस्तू सोसायटीच्या आवारात उभी राहणार आणि सेक्रेटरी रोज तिच्याकडे बघणार. आमच्या शास्त्रात हिला स्थिर मालमत्ता म्हणतात. चाकं असली तरी.

कायद्याची बाजूही बघितली. ट्रेलर हे कायद्यानं स्वतंत्र वाहन आहे, त्याची नोंदणी वेगळी. केंद्र सरकारच्या २००४ सालच्या अधिसूचनेत खाजगी वापराचा कॅम्पर ट्रेलर हा खाजगी वाहनांच्या यादीत बसवलेला आहे. म्हणजे लायकी मोटारीचीच, पण आरटीओच्या पायऱ्या चुकत नाहीत. काका म्हणाले, “पायऱ्या चढू. आधी माप घेऊ.”

माप घ्यायला आम्ही गच्चीवर गेलो. काकांनी खडूनं आठ बाय चारचा चौकोन आखला. मग स्वतः त्यात आडवे झाले, आणि शेजारी काकूंना झोपायला सांगितलं. दिवसाढवळ्या, पापडांच्या साक्षीनं हा प्रसंग काकूंना पसंत नव्हता, पण झोपल्या. माणशी दोन फूट. लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसून आयुष्य काढलेल्या माणसाला दोन फूट म्हणजे जहागीरच. काका आकाशाकडे बघत म्हणाले, “वा! समुद्राचा आवाज येईल.”

काकू उठून बसल्या. “अहो, आणि मी उभी कुठे राहायचं?”

“उभं कशाला राहायचंय?”

“चहा कोण करणार?”

काकांनी चौकोनाच्या मागे, रेघेबाहेर बोट दाखवलं.

“म्हणजे तुम्ही आत, आणि मी बाहेर. पाऊस आला तर?”

“वर झाकण असतं की!”

“आणि भांडी? ती कुठे घासायची?”

काकांचं बोट आणखी थोडं लांब गेलं. पाण्याच्या टाकीच्या पलीकडे.

आमची ही तिथेच पापड उलटत होती. ती म्हणाली, “बरंय. इथे भांडी घासतो ती मालवणला जाऊन घासायची. तेवढाच हवापालट.”

वाचकहो, इथे टीकाकाराचं काम संपतं, कारण याहून नेमकी टीका होऊ शकत नाही. अश्रू कोणाचे हेही आता कळलं असेल. घर बरोबर नेलं की घरकामही बरोबर येतं. एकाची सहल होते आणि दुसरीची बदली होते. हप्ता कोण भरणार, या माझ्या प्रश्नाचं उत्तर खडूच्या रेघेबाहेर उभं होतं.

हे फक्त कोपरचं आहे असं समजू नका. १९५४ साली ‘द लाँग, लाँग ट्रेलर’ नावाचा अमेरिकन चित्रपट आला होता. दिग्दर्शक मिनेली, आणि नायक-नायिका देसी आर्नाझ आणि लुसिल बॉल हे त्या वेळी प्रत्यक्षातही नवराबायको. नवं लग्न, नवा लांबलचक ट्रेलर. नवरा पुढे मोटार चालवतो आणि बायको मागे, चालत्या ट्रेलरमध्ये त्याच्यासाठी जेवण रांधायला जाते. रस्त्याच्या प्रत्येक वळणावर भांडी, पीठ, भाजी आणि बाई यांची जी उलथापालथ होते, ती बघून प्रेक्षक पोट धरून हसतो. मीही हसलो. शेजारी ही बसली होती, ती हसली नाही. म्हणाली, “गॅस बंद केला का तिनं?” पुढे डोंगराच्या चढावर वजन कमी करायचं म्हणून नवरा बायकोनं हौसेनं जमवलेले दगड टाकून द्यायला सांगतो. ती ते लपवते, आणि त्यावरून महाभारत घडतं. चित्रपटाचा दोष एवढाच, की दगडांच्या वजनाचा हिशेब होतो, जेवणाच्या वजनाचा होत नाही.

आपल्याकडे चाकांवरचा संसार नवा नाही. आषाढात पालख्या निघतात तेव्हा दिंडीचा ट्रक पुढे गेलेला असतो. त्यात तंबू, शिधा, ही मोठाली पातेली. माणसं चालतात आणि घर गाडीतून जातं. मुक्कामाला पोचावं तर चूल पेटलेली असते. कुठे आचारी असतो, कुठे पाळी लावलेली असते, पण शेकडो पानांसाठी एकट्या बाईनं रेघेबाहेर उभं राहायचं, असा नियम तिथे नाही. डोक्यावर तुळस घेऊन निघालेली आजी त्या वीस दिवसांत खऱ्या अर्थानं घराबाहेर पडलेली असते.

आणि दुसरं टोकही आहे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीडकडून साखर कारखान्यांकडे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या निघतात. त्यांत भांडीकुंडी, पोरं, शेळ्या, पांघरुणं. ट्रॉली म्हणजेही ट्रेलरच, आणि त्यातही अख्खं घर असतं. ऊसतोडीच्या हिशेबात नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. त्यातली बाई पहाटे अंधारात भाकऱ्या थापते, दिवसभर मोळ्या बांधते आणि रात्री पुन्हा चुलीपुढे बसते. याला कुणी पर्यटन म्हणत नाही. पण चाकांवरच्या घरात स्वयंपाकाचं ओझं कुठे पडतं, हे समजून घ्यायला हीच ट्रॉली पाहावी लागते. आमच्या काकांचा चौकोन त्या मानानं थट्टेचा विषय आहे. पण रेघ तीच आहे.

आता रचनेवर दोन शब्द. इथे पदार्थविज्ञान मदतीला येतं, जे टीकाकारांच्या मदतीला सहसा येत नाही. ट्रेलरच्या वजनातलं साधारण दहा टक्के वजन पुढच्या जोडणीवर पडावं लागतं. ओझं आसाच्या मागे गेलं की नाक हलकं होतं आणि ट्रेलर रस्त्यावर शेपटी हलवायला लागतो. आता बघा, पाणी लिटरला एक किलो. चाळीस लिटरचा पिंप म्हणजे चाळीस किलो. त्यात सिलिंडर, भांडी आणि तांदळाचा डबा मिळवा. हे सगळं अगदी मागच्या टोकाला, डिकीत! म्हणजे स्वयंपाकघर मागे ढकलणं हे काकूंवर जसं अन्यायाचं, तसंच ते घाटात धोक्याचंही आहे. शेगडी आणि पाणी मध्ये, आसाच्या जवळ आणावं. दाराच्या बाजूनं बाहेर ओढता येईल असा खण करावा आणि वर ताडपत्रीचा मांडव ताणावा. म्हणजे ट्रेलर सरळ चालेल आणि रांधणारं माणूस कोरडं राहील. विज्ञान आणि काकू यांचं असं एकमत यापूर्वी आमच्या इमारतीत झालेलं नव्हतं.

काकांना हे पटलं. घरी बनवायच्या वस्तूचा हाच मोठा गुण. छापलेली कादंबरी टीकाकारानं कितीही झोडली तरी तिचं एक पान हलत नाही. खडूची रेघ मात्र ओल्या फडक्यानं पुसता येते. काकूंनी ती स्वतः पुसली, आणि नवी आखताना आणखी एक अट घातली. ट्रेलरच्या खर्चाच्या तक्त्याखाली पाळीचा तक्ता हवा. सहा दिवसांतले तीन दिवस शेगडीपुढे काका.

काका म्हणाले, “मला फक्त पिठलं येतं.”

“तीन दिवस पिठलं खाऊ,” काकू म्हणाल्या. “समुद्राचा आवाज ऐकत खाल्लं की गोड लागतं.”

तेव्हा अभिप्राय असा. नेपथ्य आटोपशीर, खर्च बेताचा, दिग्दर्शकाची हौस वादातीत. प्रमुख भूमिका वाटून घेतल्यास प्रयोग रंगेल. कर्जाचा अर्ज आल्यास मी शिफारस करीन, मात्र जामीनदार म्हणून काकूंची सही लागेल आणि पिठल्याचा नमुना सोबत जोडावा लागेल. तीन प्रतींत.