प्राणी सुखी आहेत, हे कोणी ठरवायचे?

प्राणिसंग्रहालयातून बाहेर पडताना दाराशी पुष्कळदा एक वही ठेवलेली असते. 'मुलांना फार मजा आली', 'प्राण्यांची निगा उत्तम' असे शेरे तिच्यात पानोपानी आढळतात. मधेच एखादा शेरा निराळा असतो : 'वाघाकडे पाहवत नव्हते.' दोघांनी वाघ एकच पाहिलेला असतो, कदाचित एकाच दिवशी. मग खरे कोणाचे मानायचे? ज्याचे शेरे अधिक, त्याचे? की ज्याला वाईट वाटले, त्याचे?

हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. अमेरिकेतील एका लहानशा प्राणिसंग्रहालयाच्या बाबतीत तो थेट न्यायालयात गेला आणि त्यावर काही वर्षे खल झाला. प्रेक्षकाचे मत ही विज्ञानाच्या दृष्टीने काय चीज आहे, याची तपासणी या निमित्ताने करावी असे आम्हाला वाटते.

रस्त्याकडेची संग्रहालये

अमेरिकेत महामार्गांच्या कडेला, शेतांच्या बांधाला लागून अनेक छोटी खासगी प्राणिसंग्रहालये आहेत. दोन-चार वाघ, एखादे अस्वल, काही माकडे, बकऱ्या, पोपट, आणि दाराशी तिकिटाची खिडकी. तिकडे त्यांना 'रस्त्याकडेची प्राणिसंग्रहालये' असेच म्हणतात. प्राणी प्रदर्शनात मांडायचे तर केंद्रीय शेतीखात्याचा परवाना लागतो. परंतु परवान्याच्या अटी किमान स्वरूपाच्या आहेत : पिंजरा मजबूत हवा, प्राण्याला उभे राहून वळता यावे, पाणी-अन्न-सफाई-औषध मिळावे. याहून कडक कसोट्या लावणारी प्राणिसंग्रहालयांची राष्ट्रीय संघटना तेथे आहे. मात्र तिची मान्यता मिळवलेल्या संस्था एकूण परवानाधारक प्रदर्शकांच्या एक दशांशाहूनही कमी आहेत. सर्वसामान्य प्रेक्षकाला परवाना आणि मान्यता यांतला फरक ठाऊक नसतो. भिंतीवर सरकारी कागद टांगलेला दिसला की त्याची खात्री पटते.

आयोवा राज्यातील मँचेस्टर गावाजवळ 'क्रिकेट हॉलो' नावाचे असेच एक संग्रहालय होते. दुधाचा धंदा करणारे एक दांपत्य आपल्या शेतावर गुरांबरोबरच वाघ, सिंह, अस्वले, लेमूर आणि इतर कितीतरी प्राणी पाळत असे. परवाना होता आणि सरकारी निरीक्षकही येत. त्यांनी वेळोवेळी त्रुटींच्या नोंदी केल्या होत्या, तरी संग्रहालय चालूच राहिले.

२०१४ साली पाच व्यक्तींनी एका प्राणिहक्क संस्थेच्या मदतीने मालकांवर दावा लावला. ही पाच माणसे म्हणजे तेथे येऊन गेलेले प्रेक्षक!

दुःख कोणाला झाले?

येथे एक चमत्कारिक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. वाघाला त्रास होतो आहे, एवढे कारण तेथे न्यायालयाचे दार उघडायला पुरत नाही. दावा लावणाऱ्या माणसाचे स्वतःचे काही नुकसान झालेले असावे लागते. म्हणून आधी सिद्ध करावे लागले ते हे, की प्राण्यांची ती अवस्था पाहून या प्रेक्षकांना क्लेश झाले, आणि प्राणी चांगल्या स्थितीत असते तर त्यांना पुन्हा पाहायला ते आनंदाने गेले असते. पिंजऱ्याबाहेरच्या माणसाच्या दुःखावाचून पिंजऱ्यातल्या प्राण्याचे दुःख सुनावणीला येऊ शकले नाही.

पण प्रेक्षकांच्या दुःखाचे काम तेथेच संपले. पुढचा निर्णय त्यावर झाला नाही. संकटग्रस्त प्रजातींच्या संरक्षणासाठी अमेरिकेत १९७३ सालचा कायदा आहे. त्याखालील नियमांत 'छळ' या शब्दाची व्याख्या दिली आहे. प्राण्याच्या खाणे, आसरा घेणे, प्रजनन अशा नेहमीच्या वर्तनक्रमात मोठा व्यत्यय येऊन त्याला इजा होण्याची शक्यता निर्माण करणारे कृत्य किंवा हयगय, असा तिचा आशय आहे. व्याख्येत 'वाईट वाटणे' कोठेही नाही. प्राण्याचे स्वाभाविक वर्तन कोणते आणि त्यात बिघाड झाला आहे काय, असा सरळ जीवशास्त्राचा प्रश्न न्यायाधीशांसमोर उभा राहिला.

लेमूर हा मादागास्करचा प्राणी. तो कळपात राहतो, एकमेकांचे केस विंचरतो, आवाजाने आणि गंधाने सोबत्यांशी सतत संपर्क ठेवतो. अशा प्राण्याला एकटे ठेवणे, त्याला गुंतवून ठेवील असे काहीही पिंजऱ्यात नसणे आणि जागा घाण असणे, हा छळ ठरला. वाघांच्या बाबतीत वेळेवर न झालेले औषधोपचार आणि अस्वच्छता यांचा पुरावा निर्णायक ठरला. फेब्रुवारी २०१६ मध्ये लेमूर व वाघ तेथून हलवण्याचा निकाल लागला आणि २०१८ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो कायम केला. पुढे राज्याच्या न्यायालयात दुसरा दावा झाला व डिसेंबर २०१९ मध्ये उरलेले प्राणीही हलवण्यात आले. मात्र प्राणी न्यायला गेलेल्या पथकाला काही प्राणी जागेवर सापडलेच नाहीत.

बहुमताचे काय?

आता वहीकडे पुन्हा वळू. असे संग्रहालय वर्षानुवर्षे चालते, ते तिकीट काढून येणाऱ्या माणसांमुळेच. त्यांतील बहुतेकांना काही वावगे दिसत नाही. हा केवळ आमचा तर्क नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. वाघांबरोबर छायाचित्रे, हत्तीवरची सफर, कासवांची शेती, अस्वलांची आश्रयस्थाने अशी २४ प्रकारची प्रेक्षणीय स्थळे त्यांनी निवडली. प्रत्येक प्रकारात प्राण्यांची स्थिती कशी आहे, याचे गुणांकन केले. त्याशेजारी पर्यटकांनी लिहिलेले पन्नास हजारांहून अधिक अभिप्राय ठेवून पाहिले. प्राण्यांचे हाल होतात अशा ठिकाणीही सुमारे ८० टक्के पर्यटकांना ते जाणवले नव्हते, किंवा जाणवूनही अभिप्रायात उतरले नव्हते.

ही माणसे निर्दय होती असे मुळीच नाही. उलट प्राण्यांची आवड असल्यामुळेच ती तेथे गेली होती. मग असे का व्हावे?

पहिले कारण, अभिप्राय सहलीविषयी असतो, प्राण्याविषयी नसतो. दोन तास गाडी चालवून, तिकीट काढून, मुलांना घेऊन गेलेल्या माणसाला आपला दिवस चांगला गेला असे वाटून घ्यायचे असते. शिवाय वही मालकाच्या नजरेसमोर असते आणि मालक गोड बोलणारा असतो. ज्याला खरोखर खटकले, तो बहुधा न लिहिताच निघून जातो. शेऱ्यांची टक्केवारी काढणाऱ्याने हा दोष आधीच लक्षात घ्यायला हवा.

दुसरे कारण अधिक खोल आहे. आपण प्राण्याचा चेहरा माणसाच्या चेहऱ्यासारखा वाचतो. चिंपांझी ओठ मागे ओढून दात दाखवतो तेव्हा प्रेक्षक म्हणतात, 'हसतोय बघा!' पुष्कळदा ती भीतीची मुद्रा असते. वाघाचा बछडा मांडीवर शांत पडतो तेव्हा आपल्याला माया दिसते. पण तो आईपासून काही आठवड्यांचा असतानाच दूर केलेला आहे, आणि थोडा मोठा झाला की हाताळायला धोकादायक म्हणून बाजूला सारला जाणार आहे, हे दृश्यात कोठेच दिसत नाही. (अमेरिकेत बछडे असे हाताळू देण्यास २०२२ च्या अखेरीस कायद्याने बंदी आली.)

चूक उलट्या बाजूनेही होते

म्हणून 'वाईट वाटले' असे लिहिणारा नेहमी बरोबर असतो काय? तसेही नाही, आणि प्राणिप्रेमी मंडळींच्या लिखाणात ही बाजू फार क्वचित येते. सिंह दिवसाचे वीस-वीस तास पडून काढतो. जंगलातही! 'बिचारा मरगळलेला दिसतो' हा शेरा त्याला लागू पडत नाही. गंधखुणा करून हद्द आखणाऱ्या प्राण्याच्या पिंजऱ्याला वास येणारच. तो रोज फिनेलने घासून काढला तर प्रेक्षक खूश होईल, प्राणी अस्वस्थ होईल. हिरवळ, कारंजे, रंगवलेला डोंगर या गोष्टी आपल्या डोळ्यांसाठी असतात. प्राण्याला पुष्कळदा हवी असते लपायला जागा. ती दिली की 'पैसे वाया गेले, बिबट्या दिसलाच नाही' अशी तक्रार येते.

मात्र प्रेक्षकाला काहीच कळत नाही, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात लोकांना वाघाच्या चित्रफिती दाखवल्या होत्या. काहींना विश्रांती घेणारा वाघ, काहींना एकाच वाटेने पुन्हा पुन्हा येरझारा घालणारा. येरझारा पाहणाऱ्यांनी तेथील निगेला कमी प्रतीचे ठरवले. काहीतरी बिनसले आहे, हे त्यांना जाणवले होते. अशा निर्हेतुक, साचेबंद हालचालींचा अभ्यास प्राणिवर्तनशास्त्रात झालेला आहे. २००३ मध्ये क्लब आणि मेसन या दोघी संशोधिकांनी दाखवून दिले, की निसर्गात ज्या मांसाहारी प्राण्यांचा वावर फार मोठ्या क्षेत्रात असतो, त्यांच्यात बंदिवासात येरझारा अधिक आणि पिल्लांचे मृत्यूही अधिक. ध्रुवीय अस्वलाला संग्रहालयात मिळणारी जागा त्याच्या नैसर्गिक क्षेत्राच्या दशलक्षांशाइतकी भरते!

म्हणजे जाणीव अनेकांना होते. ती तपासता येईल अशा रूपात फार थोडे लोक मांडतात. 'वाघ दुःखी होता' हा अभिप्राय झाला. 'वाघ दहा मिनिटांत जाळीकडेने एकोणीस वेळा त्याच वाटेने फिरला, पाण्याचे भांडे कोरडे होते' ही नोंद झाली. पहिल्याशी फार तर सहमत होता येते किंवा नाही. दुसरी नोंद दुसऱ्या दिवशी दुसऱ्या माणसाला जाऊन पडताळता येते.

सहलीची वही

आपल्या शाळांच्या सहली प्राणिसंग्रहालयात जातात आणि परतल्यावर निबंध लिहून घेतला जातो. त्या निबंधांत वाघ हमखास 'रुबाबदार' आणि माकडे हमखास 'खोडकर' असतात. म्हणजे दाराशी ठेवलेल्या वहीचीच ती लांबवलेली आवृत्ती. येथे एक छोटासा बदल सुचवावासा वाटतो.

प्राणिवर्तनाच्या नोंदी कशा घ्याव्यात, याची पद्धतशीर मांडणी जीन ऑल्टमन यांनी १९७४ साली केली. तिचे सोपे रूप आठवीच्या मुलांनाही जमते. एकच प्राणी निवडायचा. घड्याळ लावून दर ३० सेकंदांनी, त्या क्षणी तो काय करतो एवढेच लिहायचे : झोपला, बसला, चालला, खातो, अंग चाटतो, येरझारा, दिसत नाही. दहा मिनिटांत २० नोंदी होतात. सहा गटांनी वेगवेगळ्या वेळी त्याच प्राण्याजवळ थांबून घेतल्या तर १२० होतील. जोडीला पाणी, सावली, लपायची जागा, सोबती आहे की नाही, आणि प्रेक्षक काय करत होते हेही लिहावे. प्राण्यांना चिडवणे किंवा खाऊ टाकणे आपल्याकडे कायद्याने गुन्हा आहे. तो किती वेळा घडला, हे मोजण्यासारखे आहे.

नोंदी पुऱ्या झाल्यावरच मुलांना मत विचारावे. सहलीला निघण्याआधी घेतलेले मत त्याशेजारी ठेवावे. दोन्हींत फरक पडला तर वर्गात बोलायला भरपूर विषय मिळेल. फरक पडला नाही, तरी आता त्या मताला आधार असेल. एका दिवसाच्या नोंदींवरून संग्रहालयाला दोषी ठरवता येत नाही, हेही मुलांना सांगायलाच हवे. आज येरझारा घालणारा वाघ कदाचित पूर्वी दुसरीकडे हाल सोसून आलेला असेल आणि ती सवय त्याला अजून सुटली नसेल. म्हणून शेवटचा प्रश्न व्यवस्थापनाला लिहून विचारावा. आपल्याकडे १९९२ पासून केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आहे आणि त्याच्या मान्यतेशिवाय प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही. तेव्हा विचारायला जागा आहे, आणि नोंदी हातात असल्या की विचारण्याला वजनही येते.

आयोवातील त्या पाच जणांजवळ पदव्या वा अधिकार होते म्हणून काही घडले नाही. जे इतर शेकडो प्रेक्षकांनी पाहिले, तेच त्यांनीही पाहिले. खटकलेली गोष्ट त्यांनी धरून ठेवली आणि जाणकारांना तपासता येईल अशा रीतीने मांडली, एवढाच फरक. सहलीहून परतणाऱ्या मुलांपैकी एखाद्याच्या वहीत असे एखादे पान सापडले, तर शिक्षकांनी त्यावर 'छान' असा शेरा मारून पुढे जाऊ नये. त्या मुलाबरोबर पुन्हा एकदा त्या पिंजऱ्यापाशी जाऊन उभे राहावे.