नेतृत्वाची खरी कसोटी

रे अँडरसन यांचा ‘मिड-कोर्स करेक्शन’ (१९९८) हा ग्रंथ एका उद्योगपतीच्या हृदयपरिवर्तनाची कथा म्हणून वाचला जातो. हे आकलन अपुरे आहे. १९९४ मध्ये ‘इंटरफेस’ या अमेरिकन गालिचा-कंपनीच्या ग्राहकांनी पर्यावरणविषयक प्रश्न विचारले. कर्मचाऱ्यांनी ते वर पोहोचविले आणि संस्थापक अँडरसन निरुत्तर झाले. पॉल हॉकेन यांचा ग्रंथ त्यांच्या हाती आला तो त्यानंतर. परिवर्तनाचा उगम असा खालच्या थरात आहे. नेत्याचे श्रेय निराळेच: त्यांनी तळमळीला मोजमापाचे व २०२० या मुदतीचे बंधन घातले. २०११ मध्ये ते निवर्तले. तरी कार्य थांबले नाही. २०१९ मध्ये कंपनीने उद्दिष्टपूर्ती जाहीर केली. अर्थात हा निर्वाळा कंपनीचाच, हे अभ्यासकाने विसरू नये. तथापि नेतृत्वाची कसोटी नेत्याच्या पश्चातच लागते, हे यावरून स्पष्ट व्हावे.