गाणारी रेषा

चित्र समोर आले की आपला पहिला प्रश्न ठरलेला : हे कोण? कर कटेवर दिसले की हात आपोआप जोडले जातात. पण जिला नाकडोळे जेमतेम आहेत, अलंकार नाहीत, नावही नाही, अशा आकृतीपुढे आपण काय करायचे?

के. के. हेब्बर (१९११–१९९६) यांची शाईची रेखाचित्रे पाहताना ही अडचण येते. उडुपीजवळच्या कट्टिंगेरीचे हे चित्रकार मुंबईत शिकले, मुंबईतच राहिले. उडुपी हे कृष्णाचे क्षेत्र, आणि तिकडे ज्यांची पदे गातात त्या पुरंदरदासांची नाममुद्रा ‘पुरंदर विठ्ठल’. तेव्हा माणूस आपल्याला अगदीच परका नव्हे.

त्यांची नर्तकी पाहा. रंग नाही, छाया नाही. खांद्यावरून निघालेली रेषा कमरेशी वळते आणि पायाशी येऊन ठेपते. हेब्बर कथ्थक शिकले होते, ते इथे कळते. अंगाचा भार कोणत्या पायावर आहे हे त्या रेषेला ठाऊक आहे. टाळ गळ्यात घालून पावली खेळणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. पुढचा पाय उचलताना मागच्या पायात काय साठलेले असते, ते माझ्या थकलेल्या गुडघ्यांना अजून आठवते.

रेषा मध्येच सुटते, म्हणून काहीजण चित्र अपुरे म्हणतील. अहो, बुवा अर्धा चरण म्हणून थांबतात, उरलेला टाळकरी उचलतात. त्याला कोणी अपुरे म्हणते का? मात्र सोडायची जागा चुकली तर टाळकरी गोंधळतात. हेब्बरांची जागा सहसा चुकत नाही.

तरी एक तक्रार आहेच. काही चित्रांत ही रेषा स्वतःवरच खूश होते. वळणातून वळण निघते, अर्थ केव्हाच सांगून झालेला असतो आणि तान चालूच. अशी कीर्तनेही आपण ऐकली आहेत. घरी जाताना गळा आठवतो, अभंग आठवत नाही. वादक काढताना मात्र ती शिस्तीत राहते. तिथे हातांना काम असते.

आणि चेहऱ्याचे म्हणाल, तर रिंगणात धावणाऱ्या पताकाधाऱ्याचा चेहरा कोण पाहतो? पुढे झुकलेली छाती, खांद्यावरची पताका आणि जमिनीला लागतो न लागतो असा पाय.

ही चित्रे कुठे पाहायला मिळाली तर पायापासून पाहायला लागा. पंढरीत पदस्पर्शाच्या रांगेत तासन् तास उभे राहणाऱ्यांना ते जड जाणार नाही.