बातमी, संस्कृती आणि घरसंसार : राष्ट्रीय प्रसारकाच्या दैनंदिन कार्यक्रमरचनेची चिकित्सा

प्रस्तावना :

आकाशवाणी आणि दूरदर्शन यांविषयी मराठीत झालेल्या लेखनात आठवणींचा भाग मोठा आहे. निवेदक, निर्माते, गाजलेली नभोनाट्ये आणि मालिका यांच्याविषयी आत्मीयतेने लिहिले गेले. एका दिवसाच्या प्रसारणात बातमी, शेतीविषयक सल्ला, शास्त्रीय गायन, पाककृती, आरोग्य आणि बालसभा एकामागून एक कोणत्या तत्त्वाने मांडली जातात, या प्रश्नाची चर्चा मात्र तुलनेने कमी झाली. वस्तुतः राष्ट्रीय प्रसारकाचे वेगळेपण या मांडणीतच आहे. खाजगी वाहिनी सामान्यतः एक विषय निवडते व दिवसभर तोच चालविते. बातम्यांची वाहिनी वेगळी, संगीताची वेगळी, मालिकांची वेगळी. राष्ट्रीय प्रसारक मात्र एकाच दिवसात सर्व वयोगटांना, सर्व व्यवसायांना आणि सर्व प्रदेशांना उद्देशून बोलण्याची जबाबदारी स्वीकारतो.

या मिश्र स्वरूपाची प्रशंसा करणारे त्याच्या विविधतेकडे बोट दाखवितात. टीका करणारे त्याला सरकारी खिचडी म्हणतात. दोन्ही भूमिकांत विषयांची संख्या हाच निकष राहतो. कार्यक्रमांचे मूल्य त्यांच्या प्रमाणावर ठरत नसून परस्परसंबंधावर ठरते, ही प्रस्तुत लेखाची भूमिका आहे. महाराष्ट्रातील प्रसारणाच्या आधारे तिची तपासणी येथे केली आहे.

मिश्र कार्यक्रमरचनेची परंपरा आणि कायदेशीर आधार :

भारतात संघटित नभोवाणीचा प्रारंभ मुंबईत झाला. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. पुढे ही सेवा सरकारकडे आली आणि १९३६ मध्ये तिला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. या काळात सेवेची सूत्रे सांभाळणारे लायोनेल फील्डन हे बीबीसीतून आले होते. माहिती, शिक्षण आणि मनोरंजन ही जॉन रीथ यांची त्रिसूत्री त्यामुळे भारतीय नभोवाणीच्या घडणीत सुरुवातीपासून होती. महाराष्ट्रात नागपूर (१९४८), पुणे (१९५३) व सांगली (१९६३) ही केंद्रे सुरू झाली, तसा या त्रिसूत्रीला प्रादेशिक आशय मिळत गेला. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि नभोवाणीचाच कार्यक्रम-आराखडा बऱ्याच अंशी पडद्यावर आला.

या रचनेला आज केवळ परंपरेचा आधार नाही. १९९० साली संमत झालेला व १९९७ पासून अमलात आलेला प्रसारभारती कायदा आपल्या बाराव्या कलमात प्रसारकाची कर्तव्ये सांगतो. सार्वजनिक हिताच्या सर्व बाबींची माहिती मुक्तपणे, सत्यतेने व वस्तुनिष्ठपणे मिळण्याच्या नागरिकाच्या हक्काचे रक्षण करणे, परस्परविरोधी मतांसह समतोल माहिती देणे, शिक्षण, शेती, ग्रामविकास, पर्यावरण व आरोग्य यांकडे विशेष लक्ष पुरविणे आणि विविध प्रदेशांच्या संस्कृती व भाषांना पुरेसे स्थान देणे ही त्यांतील प्रमुख होत. त्यापूर्वी, १९९५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला होता. बातमी, शेती आणि संस्कृती ही तिन्ही कर्तव्ये कायद्याने एकाच कलमात घातली आहेत, ही बाब येथे महत्त्वाची आहे. एका कर्तव्यातील उणीव दुसऱ्याने भरून काढावी, अशी मुभा त्यात नाही.

अनुक्रमाचे सामर्थ्य :

नभोवाणीच्या दिवसाला एक निश्चित क्रम होता. सकाळी मंगलवाद्य, चिंतन, भक्तिसंगीत आणि बातम्या. दुपारी ‘वनिता मंडळ’. संध्याकाळी ‘कामगार सभा’ आणि शेतकऱ्यांसाठीचे कार्यक्रम. रात्री नभोनाट्य किंवा शास्त्रीय संगीताची मैफल. घरात एकच रेडिओ असल्यामुळे एकासाठीचा कार्यक्रम इतरांच्याही कानांवर पडे. शेतकऱ्यासाठी सांगितलेला कीडनियंत्रणाचा उपाय विद्यार्थी ऐकत असे. बातम्यांची वाट पाहणाऱ्याच्या कानांवर आधीचा ख्याल पडत असे. स्वतः न निवडलेला विषय ऐकण्याची ही सवय समाजाला परस्परांची ओळख करून देणारी होती.

या रचनेची दोन उदाहरणे विशेष उल्लेखनीय आहेत. पहिले गीतरामायणाचे. ग. दि. माडगूळकर यांची गीते आणि सुधीर फडके यांचे संगीत असलेली ही छप्पन्न गीतांची मालिका १९५५-५६ मध्ये पुणे केंद्रावरून आठवड्याला एक गीत याप्रमाणे प्रसारित झाली. एखाद्या सांस्कृतिक घटनेचे वृत्त देणे आणि ती घटनाच घडविणे यांत अंतर आहे. गीतरामायणाच्या बाबतीत प्रसारक हा संस्कृतीचा वार्ताहर नव्हता, निर्माता होता.

दुसरे उदाहरण १९५६ मधील ग्रामीण श्रोतामंडळांच्या प्रयोगाचे. युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने पुणे केंद्राच्या परिसरातील पाच जिल्ह्यांत, सुमारे दीडशे गावांत हा प्रयोग केला. गावकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकावा, त्यावर चर्चा करावी व शक्य ते कृतीत आणावे, अशी त्याची पद्धत होती. मंडळांचे प्रश्न व अभिप्राय केंद्राकडे परत येत आणि पुढील कार्यक्रमांत त्यांची दखल घेतली जाई. टाटा समाजविज्ञान संस्थेने केलेल्या मूल्यमापनात मंडळे असलेल्या गावांतील ज्ञानवृद्धी लक्षणीय आढळली; केवळ रेडिओ असलेल्या, पण मंडळ नसलेल्या गावांत ती अल्प होती. कार्यक्रम प्रसारित होणे आणि तो समाजात पोहोचणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

परंपरेच्या मर्यादा :

या कालखंडाकडे केवळ गौरवाने पाहणे मात्र योग्य ठरणार नाही. श्रोत्यांची जी विभागणी करण्यात आली, तिच्यात काही गृहीतके दडलेली होती. स्त्रियांसाठी स्वतंत्र वेळ राखताना स्त्रीचे क्षेत्र घर हेच मानले गेले. मुंबई दूरदर्शनवरील स्त्रियांसाठीच्या कार्यक्रमाचे ‘सुंदर माझं घर’ हे नावच पुरेसे बोलके आहे. शेतात राबणारी स्त्री ‘आमची माती, आमची माणसं’ची प्रेक्षक मानायची की ‘सुंदर माझं घर’ची, हा प्रश्न या विभागणीत अनुत्तरित राहतो. आज ज्याला जीवनशैली म्हटले जाते, त्या विषयाचे पूर्वरूप येथे आहे. आणि घर म्हणजे खाजगी व बातमी म्हणजे सार्वजनिक, ही विभागणीही येथूनच आली आहे.

संस्कृतीच्या बाबतीतही निवड वरून लादली गेली. माहिती व नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांच्या कारकिर्दीत चित्रपटसंगीतावर निर्बंध आले. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. शास्त्रीय संगीताला या धोरणाने मोठा आश्रय मिळाला, हे मान्य करूनही श्रोत्याच्या अभिरुचीविषयीचा अविश्वास त्यातून स्पष्ट होतो.

सर्वांत गंभीर मर्यादा वृत्ताची होती. आणीबाणीच्या काळात (१९७५-७७) वृत्तविभाग शासनाच्या थेट नियंत्रणाखाली राहिला. फेब्रुवारी १९७७ मध्ये जयप्रकाश नारायण व जगजीवनराम यांच्या दिल्लीतील सभेच्या वेळी दूरदर्शनवर ‘बॉबी’ हा लोकप्रिय चित्रपट दाखविण्यात आला. सभेची गर्दी रोडावावी हा त्यामागील हेतू होता, असे व्यापकपणे मानले जाते. कार्यक्रमरचनेच्या अभ्यासात या घटनेला महत्त्व आहे. मनोरंजन येथे बातमीच्या जोडीला आले नाही, ते बातमीच्या जागी आले. सांस्कृतिक कार्यक्रम कितीही चांगले असले तरी त्यांच्या आड वृत्ताचे दारिद्र्य लपविता येते, याचा हा पुरावा होय. या अनुभवानंतर नेमलेल्या वर्गीज समितीने १९७८ मध्ये ‘आकाशभारती’ या स्वायत्त न्यासाची शिफारस केली. प्रत्यक्षात स्वायत्ततेचा कायदा अमलात येण्यास जवळजवळ दोन दशके लागली. आणि त्यातही तेविसाव्या कलमान्वये विशिष्ट परिस्थितीत प्रसारणाविषयी निर्देश देण्याचा अधिकार केंद्र शासनाकडे राहिला.

विभागांमधील भिंती :

वृत्त, कृषी, आरोग्य, महिला आणि संस्कृती असे विभाग प्रशासकीय सोयीचे असतात. लोकांचे प्रश्न मात्र या विभागांच्या सीमा पाळत नाहीत. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. बाधितांची संख्या शेकड्यांत होती. ही घटना कोणत्या विभागाची? मृतांचा आकडा ही बातमी आहे. फवारणीचे प्रमाण, औषधांचे मिश्रण आणि बोंडअळीचा प्रादुर्भाव हा कृषिकार्यक्रमाचा विषय आहे. विषबाधेची लक्षणे व प्रथमोपचार आरोग्याच्या सदरात येतात. संरक्षक पोशाखाविना मजुरीवर फवारणी करणाऱ्याची स्थिती ‘कामगार सभे’त यावयास हवी. औषधाने भिजलेले कपडे घरी कोणी व कसे धुवावेत, हा तथाकथित घरसंसाराचा प्रश्न आहे. प्रत्येक विभागाने आपापला तुकडा उचलला तर श्रोत्याला पाच सुटे कार्यक्रम मिळतात, प्रश्नाचे आकलन मिळत नाही.

याच प्रदेशाचे दुसरे उदाहरण कर्जाचे. जुलै २००६ मध्ये विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. घोषणा ही स्वाभाविकपणे बातमी ठरते. परंतु बातमीपत्र घोषणेपाशी थांबले आणि कृषिकार्यक्रम बियाणे-खतांपाशी थांबला, तर सावकारी, बँकांचा पतपुरवठा आणि बाजारभाव हे विषय दोहोंच्या मध्ये निराधार राहतात. कृषिसल्ल्याची भाषा ‘शेतकऱ्याने काय करावे’ अशी असते. शासनाने, बँकेने अथवा कंपनीने काय करावे, हा प्रश्न वृत्तविभागाकडे सोपविला जातो. वृत्तविभाग स्वतंत्र नसेल तर तो कोठेच विचारला जात नाही. सल्ल्याची सर्व जबाबदारी मग ऐकणाऱ्यावरच पडते. आरोग्य व आहार यांविषयीच्या जीवनशैलीपर कार्यक्रमांतही हाच दोष आढळतो. काय खावे हे सांगितले जाते. ते स्थानिक बाजारात कोणत्या भावाने मिळते, हा विषय अन्यत्र ढकलला जातो.

बदललेले माध्यम आणि स्थानिकतेचा प्रश्न :

१९८२ मध्ये दूरदर्शनचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाल्यावर रात्रीचा महत्त्वाचा काळ दिल्लीकडे गेला आणि प्रादेशिक केंद्रांची मुभा आक्रसली. पुढे ‘सह्याद्री’ वाहिनीमुळे मराठीला पूर्ण वेळ मिळाला. आता प्रसारण मोबाइलवर आले आहे. आकाशवाणीची केंद्रे अ‍ॅपवर ऐकता येतात आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसारभारतीने ‘वेव्हज’ हा ओटीटी मंच सुरू केला. जुने ध्वनिमुद्रण कोठूनही उपलब्ध होणे हा मोठा लाभ आहे. मात्र मागणीनुसार निवडण्याच्या या व्यवस्थेत दिवसाचा क्रम नाहीसा होतो. ज्याला संगीत हवे तो संगीतच ऐकतो. राष्ट्रीय प्रसारकाने जपलेला न निवडलेल्या विषयाचा शेजार येथे राहत नाही.

यापेक्षा अधिक चिंतेची बाब स्थानिक वृत्तविभागांची आहे. जून २०२३ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्रातील प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून बातमीपत्रे छत्रपती संभाजीनगर येथून देण्याचा निर्णय झाला. श्रोते व लोकप्रतिनिधींच्या विरोधानंतर त्याला स्थगिती मिळाली. हा निर्णय मनुष्यबळाच्या व्यवस्थापनाचा म्हणून मांडता येईल. परंतु वृत्त, कृषी व संस्कृती हे विभाग एकाच इमारतीत असणे हीच मिश्र कार्यक्रमरचनेची भौतिक अट आहे. बातमीदार आणि कृषिकार्यक्रमाचा निर्माता एकमेकांना भेटणारच नसतील, तर त्यांच्या कार्यक्रमांत संबंध निर्माण होण्याची शक्यता उरत नाही. वृत्त एका शहरातून, संगीत दुसऱ्या शहरातून व आरोग्यसल्ला तिसऱ्या शहरातून आला, तर वेळापत्रक भरते. परंतु प्रदेशाचे प्रसारण तयार होत नाही.

समारोप :

वरील विवेचनावरून राष्ट्रीय प्रसारकाच्या दैनंदिन कार्यक्रमरचनेचे मूल्यमापन करण्यासाठी तीन निकष सुचविता येतील. पहिला, सांस्कृतिक व जीवनविषयक कार्यक्रम वृत्ताला पूरक आहेत की त्याला पर्याय म्हणून वापरले जात आहेत? दुसरा, एका विभागात उपस्थित झालेला प्रश्न दुसऱ्या विभागात पुढे नेला जातो का? तिसरा, श्रोत्यांचे प्रश्न केंद्राकडे परत येण्याची आणि त्यांचा परिणाम पुढील कार्यक्रमावर होण्याची व्यवस्था आहे का? १९५६ च्या श्रोतामंडळांनी तिसऱ्या निकषाची पूर्तता अत्यल्प साधनांत करून दाखविली होती. आज साधने विपुल असताना ती न होणे समर्थनीय नाही.

महाविद्यालयांतील मराठी, समाजशास्त्र, राज्यशास्त्र व अर्थशास्त्र विभागांना येथे एकत्रित अभ्यासाचे क्षेत्र उपलब्ध आहे. आपल्या परिसरातील आकाशवाणी केंद्राचे एका आठवड्याचे प्रसारण नोंदवून, एकच स्थानिक प्रश्न किती कार्यक्रमांत व कोणत्या रूपात आला याची तपासणी पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून करून घेता येईल. अशा नोंदींशिवाय राष्ट्रीय प्रसारकाविषयीची चर्चा आठवणी आणि आरोप यांच्यातच फिरत राहील. ध्वनिलहरी सार्वजनिक असतील, तर त्यांवरून दिवसभरात काय जाते याचा हिशेब ठेवणे हे सार्वजनिक विद्येचेही काम आहे.